खाऱ्या पाण्याची सबब

३ मार्च, बाकोंग

आले एकदाची. सेबूहून बस, मग फेरीबोट, शेवटी तीनचाकी. अंग आंबलंय, पण मन हलकं आहे. पाच वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काढल्यावर इथली समुद्राकडची खोली म्हणजे सुटीच वाटते.

घरमालकीण नँग पासिंग (इथे वडीलधाऱ्या बाईला नँग म्हणतात) फाटकातच उभ्या होत्या. बाहत्तर वर्षांच्या, पण आवाज खणखणीत. माझी पिशवी बघून म्हणाल्या, "एवढीच? नवऱ्याशी भांडून आलीस की काय?" नवरा नाही म्हटलं, तर म्हणाल्या, "मग बरं आहे, भांडण वाचलं."

त्यांचा मुलगा दुबईला, दोन्ही मुली कॅनडात. तिघांनी मिळून आईला घरात ठेवायचा सर्व्हर पाठवलाय. तिकडून सगळ्यांचे फोटो त्यात येतील आणि यांना टीव्हीवर दिसतील. दोन महिने तो खोक्यातच पडून आहे. मी तो जोडायचा, सांभाळायचा आणि वरच्या खोलीत राहायचं, असं ठरलंय. जेवायला तळलेली सुकी मासळी, भात आणि मिरची घातलेलं व्हिनेगर होतं. दोनदा भात घेतला.

४ मार्च

सर्व्हर जाड्या पावाएवढा आहे. दोन डिस्क खाचांत सरकवल्या, स्क्रू आवळले. राउटर टीव्हीमागे, सांतो निन्योच्या, म्हणजे बाळ येशूच्या मूर्तीच्या फळीवर. केबल वरच्या माझ्या खोलीपर्यंत ओढून सर्व्हरला जोडली, वीज दिली, तरी दिवा नारिंगीच राहिला. माझ्या कॉम्प्युटरला सर्व्हर सापडेना. केबल बदलली, राउटरची भोकं बदलून पाहिली, सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. जेवणापर्यंत हेच.

नँग म्हणाल्या, "एवढी शिकलेली तू, आणि एका डब्यापुढे हात टेकलेस?"

५ मार्च

कारण सापडलं. राउटरच्या यादीत नँगचा फोन, टीव्ही, माझा कॉम्प्युटर आणि आणखी एक बिननावाचं यंत्र आहे. ते आणि आपला सर्व्हर, दोघांनाही एकच पत्ता मिळालाय. एका घर नंबरावर दोन कुटुंबं राहिली तर पोस्टमनने काय करायचं? शेजारचं कोणी फुकट वापरत असेल म्हणून पासवर्ड बदलला. बिननावाचं तिथेच. मग नाद सोडला, सर्व्हरला वेगळा कायमचा पत्ता दिला, आणि दिवा हिरवा झाला.

पुढे नेहमीचा प्रश्न आला. डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जाऊ का? डिस्क कोऱ्या होत्या. तरी माझं बोट उचलेना. नँगना बोलावलं आणि त्यांच्याकडून "हो" दाबून घेतलं. त्या म्हणाल्या, "झालं? एवढ्यासाठी कांदा चिरता चिरता उठवलंस?"

इथे खरं लिहायला हरकत नाही. दुकानात व्हँजी नावाच्या एक बाई आल्या होत्या, वादळानंतरच्या आठवड्यात. त्यांची सात वर्षांची लिएझेल डेंग्यूने गेली होती. तिचे सगळे फोटो एकाच डिस्कवर होते, हाताशी राहिला होता तो फक्त शाळेच्या ओळखपत्रावरचा नखाएवढा. ती डिस्क नव्या सर्व्हरवर उतरवून द्यायचं काम माझ्याकडे आलं. हाच प्रश्न आला तेव्हा मी घाईत होते. न वाचताच "हो" दाबलं.

त्यांना सांगितलं, वादळात डिस्कमध्ये खारं पाणी गेलं होतं, ती आधीच बिघडलेली होती.

त्या आणखी तीनदा आल्या. दर वेळी माझ्यासाठी ओताप बिस्किटं घेऊन. बघ ना इंदाय, अजून काही करता येतं का, म्हणायच्या; इंदाय म्हणजे पोरी, मायेने. बिस्किटं मी खाल्ली.

७ मार्च

सर्व्हर नीट चाललाय. कॅनडाहून बर्फाचे फोटो आले. त्यांच्या शेजारी एक फोल्डर आहे. लिएझेल.

तीनशे बारा फोटो. पिवळा फ्रॉक, केकवर वाकलेली. पुढचा दात पडलेला. हाच चेहरा मी ओळखपत्रावर पाहिला होता.

या डिस्क दुकानात कधी नव्हत्या. माझ्याकडे त्या फोटोंची प्रत नव्हती, असती तर—

मी फोल्डर काढून टाकलं. व्हँजीबाईंना फोन करायला हवा होता, आणि मी ते काढून टाकलं. दुसऱ्यांदा.

८ मार्च

सकाळी खाली हसण्याचा आवाज. नँग टीव्हीपुढे बसलेल्या, पडद्यावर पिवळा फ्रॉक. मला म्हणाल्या, "ही कोणाची गं? मला नात झाली आणि कोणी सांगितलंसुद्धा नाही." मी म्हटलं, चुकून आलेत, दुसऱ्या कोणाचे तरी. त्यांनी रिमोट मांडीखाली सरकवला. राहू दे म्हणाल्या, एवढं गोड पोर.

वर येऊन मोजले. तीनशे चौदा.

९ मार्च

नवे दोन मी काल उघडले नव्हते. आज उघडले.

एक आपल्या जिन्याचा. दुसरा स्वयंपाकघराचा, खालून काढलेला, लहान मुलाच्या उंचीवरून. ओट्याशी मी पाठमोरी. अंगात कालचाच निळा शर्ट. तारीख कालची.

केबल काढली. खाली टीव्हीवर फोटो चालूच. वीज काढली. दिवा हिरवाच. डिस्क खाचेतून ओढून बाहेर काढल्या, टेबलावर ठेवल्या. भर दुपार, बाहेर कोंबड्या ओरडताहेत, आणि टेबलावरच्या डिस्क कोमट होत्या, हातात धरलेल्या वस्तूसारख्या.

नँगना विचारलं, काही विचित्र वाटतं का. त्या म्हणाल्या, पोरगी आता बोलायला लागलीय. तिची आई कुठे राहते ते विचारत होती. "मी म्हटलं, मला काय ठाऊक बाई. वरच्या ताईला विचार, तिला माहीत आहे."

१० मार्च

फोन केला. व्हँजीबाईंनी लगेच उचलला. सगळं सांगितलं, खारं पाणी नव्हतं, मी पुसली.

त्या शांतपणे म्हणाल्या की पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या दुकानात कळलं होतं. डिस्क बिघडलेली नाही, कोणीतरी पुसलीय. "तू सांगशील म्हणून येत होते, इंदाय. तीनदा आले ती त्यासाठीच."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी सांगितलं, फोटो इथे आहेत. कसे ते विचारू नका. त्यांनी विचारलं नाही. परवा येते म्हणाल्या.

११ मार्च

डिस्क परत बसवल्या. केबल, वीज. दिवा लागत नाही. कॉम्प्युटरला सर्व्हर सापडत नाही. यादीत सर्व्हर नाही. फोन नाही, टीव्ही नाही, मी नाही. एकटं बिननावाचं.

सकाळपासून हेच. फोटो हवेत. त्या एवढ्या लांबून येणार आणि मी पुन्हा सांगणार का, की गेले—

खाली नँग टाळ्या वाजवताहेत. जाऊन बघितलं. टीव्ही काळा. त्या काळ्या पडद्याकडे बघून म्हणतात, हळू गं, पडशील.

मला काहीच दिसत नाही. मला दाखवत नाहीये.

१२ मार्च, दुपार

व्हँजीबाई आल्या. खूप वाळल्यात. मी खाली आणून ठेवलेला डबा दाखवला, मेलेला दिवा दाखवला, माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी ऐकलंच नाही. त्या माझ्या बाजूने पुढे गेल्या, नँगशेजारी बसल्या, काळ्या पडद्याकडे बघितलं आणि हात तोंडाशी धरला. मग हसल्या. केवढी उंच झालीस, म्हणाल्या.

तासभर झाला. दोघी बोलताहेत, मध्ये थांबताहेत, कोणाचं तरी ऐकून उत्तर देताहेत. मी जेवणाच्या टेबलाशी, त्यांच्याकडे पाठ करून. वहीत डोकं.

आत्ता बोलणं थांबलं. व्हँजीबाई म्हणाल्या, तिकडे कुठे चाललीस गं. मग मला, अगदी मायेने, "इंदाय, उत्तर दे तिला. तुझ्याजवळ येऊन उभी आहे."

काय विचारतेय, म्हटलं.

विचारतेय, वाचलं होतंस का.

कोपरापाशी गार आहे. वही थोडी तिच्याकडे ओढली गेली. ती वाचतेय—

नाही, मी घाईत—

वहीची पानं मागे उलटली, पाच मार्चपर्यंत. एक ओळ आपोआप खोडली गेली. न वाचताच "हो" दाबलं, ती ओळ.

बरं. वाचलं होतं. दोनदा वाचलं. घाई नव्हती. सगळं उतरवायला दिवस गेला असता, आणि मला वाटलं, लोक म्हणतात एकच प्रत आहे, पण तसं नसतं, दुसरी कुठेतरी असतेच, आणि मी वाचून, समजून, डिस्कवर तुझं नाव लिहिलेलं बघून "हो"—