मुलगा असल्याचा सहा आकडी पुरावा

फुसाएताई,

नागोयाहून धाकट्या त्सुनेहारुचा कमरेतून नीट वाकून नमस्कार. बेटावर आता वारा फिरला असेल, अंगणात मासळी वाळत पडली असेल आणि मांजरं हाकलता हाकलता तुझे गुडघे पुन्हा बोलायला लागले असतील. त्यांना जप. भाऊजींच्या पायाचा अंगठा अजून सुजतो का? (सुजत असेल तर साके पिणं बंद करायला सांग. पण ते मी सांगितलं असं सांगू नकोस.) मी बरा आहे. अक्षराकडे दुर्लक्ष कर; हाताने पत्र लिहून अकरा वर्षं झाली.

तुझं कार्ड पोचलं. 'शेवटच्या रविवारी आईचा अठ्ठ्याऐंशीचा सोहळा. त्या मानाची पिवळी बंडी शिवून झाली. येणार की नाही, एका शब्दात कळव.' खाली स्वतःचं नावसुद्धा घातलं नाहीस, यावरून तू किती तापली आहेस ते समजलं. तुझं चुकत नाही. चार वर्षांत मी बेटावर पाऊल ठेवलेलं नाही. पण ताई, तो एक शब्द लिहायला मला शुक्रवार आणि सोमवारची रजा लागते, रजेसाठी ऑफिसच्या कॉम्प्युटरने मला ओळखावं लागतं, आणि तो मेला मला ओळखत नाही. म्हणून एका शब्दाऐवजी हे आठ कागद पाठवतो आहे.

आमची कंपनी न्हाणीघरातल्या टबांची बुचं बनवते हे तुला ठाऊक आहेच. (तू चारचौघांत 'पाण्याच्या व्यवस्थापनात आहे' असं सांगतेस, तेही ठाऊक आहे.) पूर्वी रजा म्हणजे एक कागद होता. त्यावर सहा चौकटी, सहा जणांचे सहा शिक्के. हाताखालच्या माणसाने आपला शिक्का वरच्याच्या शिक्क्याकडे थोडा कलता मारायचा, म्हणजे कागदावरही तो साहेबाला वाकून नमस्कार करतोय असं दिसतं. एकदा सर्दीच्या भरात माझा शिक्का सरळ उमटला, तर आमच्या विभागाच्या कुरामोची साहेबांनी मला बोलावून घेऊन, माझी काही तक्रार आहे का, असं हळुवारपणे विचारलं होतं. असो. या वसंतात मालकांना साक्षात्कार झाला की शिक्क्यांमुळे देश मागे पडला, तेव्हा शिक्के बंद. तसं परिपत्रक निघालं. त्यावर चौदा शिक्के होते.

आता सगळं नव्या प्रणालीत. रजा तिच्यातच मागायची, तोंडी मागितलेली रजा ही रजाच नव्हे. प्रणालीत शिरायला पासवर्ड हवा. तो बारा अक्षरांचा, त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह, आणि दर दोन महिन्यांनी नवा. मागच्या सोमवारी माझा पासवर्ड लागेना. पुन्हा टाकला. तिसऱ्यांदा एकेका बोटाने, ओठ हलवत टाकला. झालं! खातं बंद. एकोणतीस वर्षं या खुर्चीवर बसलोय, आणि पडद्यावर पाटी काय, तर आपण कोण आहात याची खात्री पटत नाही.

मदतीसाठी एक नंबर दिलेला आहे. तिथे निवाबाई नावाच्या कुणी बसतात. त्या प्रत्येक वाक्याच्या आधी क्षमा मागतात आणि वाक्य संपल्यावर वाक्याबद्दल क्षमा मागतात, त्यामुळे मूळ मुद्दा मधे कुठेतरी चेंगरून जातो. कॉम्प्युटर बंद करून चालू केला का, हे त्यांनी चार वेळा विचारलं. मी चारही वेळा केला. चाळीस मिनिटांनी मुद्दा हाती लागला तो असा: माझ्या नोंदवलेल्या फोनवर एक यंत्र बोलेल, सहा आकडे सांगेल, ते मी दहा मिनिटांत टाकायचे, की खातं उघडेल. म्हटलं, एवढंच ना! खिशातला फोन काढून समोर ठेवला आणि वाट पाहत बसलो. फोन ढिम्म. निवाबाई (क्षमा मागून) म्हणाल्या की यंत्राचं बोलून झालं, पलीकडे कुणी बाईंनी फोन उचलला आणि 'मेल्या, लाज नाही वाटत?' असं म्हणून आपटला.

तो नंबर कुणाचा ते तुझ्या ध्यानात आलंच असेल. नोकरीला लागलो तेव्हा कंपनीच्या वसतिगृहात मला फोन नव्हता, म्हणून फॉर्मवर बेटावरचा घरचा नंबर घातला होता. तो बदलायला सहा शिक्के लागत, म्हणून कधी बदलला नाही. आता तो बदलायचा अर्ज एका मिनिटात होतो. फक्त तो प्रणालीच्या आत आहे.

मग मी टेबलावरच्या ऑफिसच्या फोनवरून आईला फोन केला. आणि ताई, मी गाढव, तिने 'कोण?' विचारल्यावर काय म्हणावं? 'अगं, मीच!' आता म्हाताऱ्यांना लुबाडणारे सगळे भामटे फोनवर नेमकं हेच म्हणतात, आणि चौकीतल्या पोलिसाने देवळाच्या ओसरीवर सगळ्या म्हाताऱ्यांना बसवून हेच तर शिकवलंय. 'मीच' म्हणणारा आला, आकडे मागितले, की फोन ठेवा. आईने ठेवला. दुसऱ्या खेपेला मी शहाणा झालो. आधी तब्येत विचारली, जेवलीस का विचारलं, रक्तदाबाची गोळी घेतलीस का विचारलं. तर तिचा संशय आणखीच बळावला. तिसऱ्या खेपेला म्हणाली, आमच्या बोकडाचं नाव सांग. मी सांगितलं. बरोबर सांगितलं! तर म्हणते कशी, 'बघा, केवढी माहिती काढून बसलेत चोर!' आणि पुन्हा खाडकन. तुला फोन करावा, तर तुझ्याकडे त्याच पोलिसाच्या सल्ल्याने कायम ते निरोप घेणारं यंत्र लावलेलं. त्याच्याशी मी दोनदा सविस्तर बोललो. पण त्यातले निरोप ऐकायचे कसे हे तुला येत नाही, हे मला भाऊजींनी मागेच सांगितलं होतं.

कुरामोची साहेबांपुढे जाऊन सगळं मांडलं. त्यांनी फार सहानुभूतीने ऐकलं. म्हणाले, आईच्या सोहळ्याला जाऊ नका असं मी कसं म्हणेन? पण प्रणालीत रजा नसेल तर तुम्ही त्या दिवशी हजर आहात, आणि हजर असलेला माणूस जागेवर सापडला नाही तर मला त्याची चौकशी लावावी लागेल. हे बोलताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. चौकशी मात्र ते नक्की लावतील.

तेव्हा ताई, सोहळ्याच्या जेवणाला खानावळीत माझं पान राखून ठेवू नकोस. पिवळ्या बंडीत आईचा फोटो काढून पाठव. माझ्या वाटचे रताळ्याचे मोची-लाडू भाऊजींना दे. आईला म्हणावं, कामात अडकलाय.

तुझा धाकटा,
त्सुनेहारु

ता. क. खरं म्हणजे हे पत्र याचसाठी लिहिलं. येत्या गुरुवारी सकाळी बरोबर दहा वाजता आईकडे जाऊन फोनपाशी बस. यंत्र बोललं की आकडे कागदावर उतरव आणि लगेच माझ्या खिशातल्या फोनवर सांग. दहा मिनिटं हातात असतात, मधे चहा टाकू नकोस.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवलं होतं, ते फाडून लिहितोय. वरचा ता. क. रद्द समज. आज ऑफिसात दोन पोलीस आले. आईने तक्रार नोंदवली होती, आणि फोन कुठून आला याचा माग काढत ते थेट माझ्या टेबलापाशी. कुरामोची साहेबांनी त्यांना चहा दिला, मी माझी ओळखपत्रं दाखवली, सगळे हसले. मग त्यातल्या थोरल्याने गंमत म्हणून आईचा जबाब वाचून दाखवला. हा माणूस भामटा आहे हे कशावरून ओळखलंत, असं तिला विचारलं होतं. आई म्हणाली, 'माझा मुलगा फोन करत नाही. नव्या वर्षाला एकदा करतो, आणि तेव्हाही जेवलीस का असं विचारत नाही. याने विचारलं.'

पुन्हा सगळे हसले. मीही हसलो, मग जिन्यात जाऊन उभा राहिलो. फार लाज वाटली गं. इतकी वर्षं मला वाटायचं, आपण कामात आहोत हे तिला समजतं. तिला तेवढंच समजलेलं आहे.

जेवणाच्या सुट्टीत जाऊन रेल्वेचं आणि बोटीचं तिकीट काढून आलो. शुक्रवारी मी जागेवर सापडणार नाही, लागू दे चौकशी. एकच कर. शनिवारी दुपारच्या बोटीला धक्क्यावर ये आणि आईच्या दारापर्यंत माझ्याबरोबर चल. मी एकटा गेलो तर ती कडी काढणार नाही. हा आपलाच आहे, असं तू सांग तिला.