कवडी उन्हात बसते

पिंपरी,
१० मार्च १९५७

प्रिय सुभद्रा,

हे पत्र तुला रंगराव वाचून दाखवणार, म्हणून आधी त्यालाच सांगतो. बहिणीचं पत्र वाचताना लाजायचं तेवढं लाज बाबा, पण एकही ओळ गाळू नकोस.

इकडे सगळं ठीक. औषधाच्या कारखान्यात मला बाटल्या धुण्यावरून काढून आता बॉयलरवर घेतलंय. भाकरी मीच थापतो, त्यांचा आकार विचारू नकोस. खरी बातमी तुझ्या कवडीची आहे. दिवाळीनंतर चाळीतल्या कोंबड्यांना देवी आल्या, त्यात तिचे दोन्ही डोळे गेले. तुला कळवलं नाही. देवींनीच तुझी नजर नेली आणि तू माहेरी चाकणला गेलीस, त्याला फार दिवस झाले नव्हते. तेच नाव पुन्हा तुझ्या कानावर घालायचा मला धीर झाला नाही.

तिला दिसत नाही तर उजेड हवाय कशाला, असं मला वाटलं. बाकीच्या टोचतील म्हणून मायेनंच तिला आतल्या खोलीत डालग्याखाली ठेवली, वर पोतं टाकलं. दाणापाणी हाताने द्यायचो. पण तिने अंडी घालणंच सोडलं. आता हिचं काय ऱ्हायलंय, रस्सा कधी करताय, असं शेजारच्या गोजाबाई येता-जाता विचारायच्या.

अंडी न्यायला येणाऱ्या कुसुमताई पुण्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. त्यांनी डालगं पाहिलं आणि मला चांगलंच झापलं. डोळ्याच्या पडद्यात म्हणे एक जांभळट प्रथिन असतं, उजेड पडला की त्याचा रंग उडतो, त्यावर आपलं दिसणं चालतं. पण पाखरांच्या मेंदूतही उजेड ओळखणारं तसलंच काहीतरी असावं. फ्रान्सात आंधळ्या बदकांवर तसे प्रयोग झालेत. उजेड कवटीतून आत झिरपतो आणि दिवस मोठा झाल्याचं पाखराला डोळ्यांवाचून कळतं, मग ते अंड्यावर येतं. मला वाटलं, बाई थट्टा करतायत. तरी अंगणात जाळी लावून कवडीला उन्हात सोडली.

महिना झाला असेल. परवा तिच्या अंगाखाली अंडं सापडलं, ऊन ऊन. ते हातात धरून मी पायरीवर बसलो आणि मला रडू आलं. गोजाबाईंनी घरात जाऊन सांगितलं, की ज्योतीराम येडा झालाय.

माणसाच्या मेंदूत असं काही असतं का, हेही मी कुसुमताईंना विचारलं. त्यांना ठाऊक नाही. उगाच आशा लावू नका म्हणाल्या, मीही लावत नाही. आणि तुला कोंबडीच्या पंगतीला बसवलं म्हणून रुसू नकोस. रुसायचंच असेल तर इथे येऊन रूस.

रंगराव मागच्या आठवड्यात तुझा निरोप घेऊन आला होता. मी दुसरं लग्न करावं म्हणे. तू दिवसभर माजघरात दार लोटून बसतेस, मला उजेड काय करायचा म्हणतेस, हेही त्यानेच सांगितलं. तुझा निरोप मला मंजूर नाही. मला बायको आहे. डालगं मी मोडून चुलीत घातलंय. रविवारी पहिल्या एस.टी.ने तुला न्यायला येतोय. दोघांपैकी एकाला दिसतं, तेवढं आपल्या संसाराला पुरे. तू फक्त ओसरीवर उन्हात येऊन बस. वळणावरूनच मला तू दिसायला हवीस.

तुझाच,
ज्योतीराम