पर्समधली गोळी

३ फेब्रुवारी, मंगळ.
छातीत पुन्हा दुखलं. जासईच्या कंटेनर यार्डात जिना चढून ऑफिसात पोचेपर्यंत दम. अ‍ॅसिडिटीच असणार. अकराच्या चहाबरोबर थायरॉइडची गोळी पर्समधून, चोरून. वर लगेच अ‍ॅसिडिटीची. अठ्ठावीस वर्षांची घोडी मी, हार्टबिर्ट कसलं! लग्नाला आठ महिने झाले, सासरी गोळीचा पत्ता नाही. मम्मीची ताकीद होती, "एवढ्यात बोलू नकोस, स्थळ हातचं जाईल." मग बोलायचं राहूनच गेलं.

५ फेब्रु., गुरु.
सकाळी बोनकोड्याला घरीच, कपडे वाळत घालताना छाती आवळली. बसलेच खाली. नवरा, निलेश, ड्युटीवर. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, ओल्या हातांनीच रिक्षा थांबवली.
डॉक्टर : काही गोळ्या चालू?
आई शेजारी बसलेल्या. मी म्हटलं, "नाही."
बाहेर बाकावर आई म्हणाल्या, "आगो बाय, माज्याशी खोटा बोल, चालंल. डाक्तरशी नको. छाती तुजी हाय."
रडले. सगळं सांगितलं. हात धरून मला परत आत नेलं. काय बाई आहे!

६ फेब्रु.
ईसीजी ठीक. थायरॉइडचं टीएसएच भलतंच वाढलेलं. हृदयाभोवती थोडं पाणी. चहा आणि अ‍ॅसिडिटीच्या औषधाबरोबर घेतल्यामुळे गोळी नीट लागूच पडत नव्हती म्हणे. आता सकाळी रिकाम्या पोटी, मग तासभर काही नाही. दीड महिन्याने पुन्हा इको. पाणी वाढलं तर अ‍ॅडमिट. मध्ये जोरात दुखलं तर तडक यायचं.
आठ महिने नेमाने गोळी घेतली, नेमाने वाया घालवली. शाबास मी.
निलेश एवढंच म्हणाला, "मला तरी सांगायचंस."

१२ फेब्रु.
साडेपाचला आई गोळी-पाणी घेऊन हजर. मग तासभर स्वतःही चहा घेत नाहीत. चहाशिवाय ज्यांचा डोळा उघडत नाही त्या! म्हटलं, तुम्ही घ्या. "तुज्यासमोर फुरके मारू काय?"
समोरच्या काकूंनी विचारलं, सुनेला काय झालं. आईंनी गॅलरीतून खणखणीत सांगितलं, "थायरॉइड हाय. गोली चालू हाय." माहेरी हा शब्द दार लावून बोलायचे. फार बरं वाटलं.
नि. अजून फुगलेलाच.

२२ मार्च, रवि.
उद्या इको. दम कमी आहे. दुखलं, पण दहा दिवसांत एकदाच. तरी भीती जात नाही.
दुपारी जेवताना नि. अखेर बोलला, "लग्नाआधी सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?"
मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाल्या, "मीच लग्नाला नाय बोलली असती."
नि. म्हणाला, "काय?"
"खरा सांगतंय. आजारी पोर नको, असाच बोलली असती मी. तवा हिला वलखत व्हती काय?"
मला राग यायला हवा होता. आला नाही. इतकं खरं मला आजवर कुणी तोंडावर सांगितलेलं नाही.
नि.ने उद्याची सुट्टी टाकली.
आठला निघायचंय. आई म्हणतात, आत मीच येणार.