अम्माचा आवाज आणि सोळा जीबी

२ जुलै, सकाळी ९
असं कोऱ्या पानानं बघू नकोस, डायरी. बॅकअप घेणार म्हटलं ना. आधी मशीन तर नीट चालू दे. स्लो आहे, कारण रॅम फक्त चार जीबी. डिस्क कट-कट वाजते, ते वयानं. अम्माचे गुडघेही वाजायचे. गुडघ्यांनी काही ती गेली नाही.
तिच्या आवाजाच्या सदतीस फाइली याच डिस्कवर आहेत. दुसरीकडे कुठंच नाहीत. वीसला वर्षश्राद्ध, तेव्हा सगळ्यांना ऐकवायच्या. भरपूर वेळ.

४ जुलै
शहराच्या दुसऱ्या टोकाहून, हेब्बाळहून शलाका अक्काचा फोन. फाइली आत्ता पेन ड्राइव्हवर घे म्हणाली. म्हटलं, सिस्टिम मला कळते. तुला स्वल्पसुद्धा कळत नाही, म्हणाली. मोठी बहीण. बोलू देतो.

७ जुलै
सीपीयू ऑटोत घालून गिरीराजच्या कॉम्प्युटरच्या दुकानात. रॅम बसवतो म्हणाला, पण अण्णा, हा आवाज डिस्कचा आहे, आधी कॉपी करा. असंच घाबरवून डिस्क विकतात. सरी, सरी, बरं बरं म्हणून रॅमच घालून घेतला.

८ जुलै
सोळा जीबी. चाळीस टॅब उघडले, एक अडकला नाही. आणि कट-कट बंद. डिस्क बरी झाली.
गिरीराजला फोन करून ऐकवलं. म्हणतो, बरी नाही झाली. मेमरी वाढल्यावर डिस्ककडे सारखं जावं लागत नाही, म्हणून गप्प आहे. गप्प म्हणजे बरीच की. अम्माही शेवटच्या आठवड्यात किती शांत होती.

१२ जुलै
बॅकअप आज नक्की. आधी फाइलींना चांगली नावं द्यावीत. तीन झाली.

१६ जुलै
चौथी.

१९ जुलै, सकाळी ११
कॉपी लावली. कट. कट. मग लांब खरखर. डिस्क सापडत नाही, असं मशीन म्हणतं. मेमरी मात्र बारा जीबी मोकळी.

दुपारी ४
एक फाइल आधीच उघडी होती, मेमरीत राहिली; मशीन चालू आहे तोवर राहील. तेवढी वाजते. अम्मा म्हणते, जेवलास का रे, ऊठ त्या मशीनपुढून.
फोनवर रेकॉर्ड करता येईल. पण क्वालिटी जाते. पेन ड्राइव्हच आणावा.

४.१०
लाइट गेले. यूपीएस बीप करतोय. बॅटरीवर मशीन दहा मिनिटं टिकतं. गिरीराजचं दुकान सर्जापूर रोडच्या पलीकडे, सिग्नल एकच. होऊन जाईल.
जिन्यात शलाका अक्काच्या चपला वाजतायत, उद्याच्या श्राद्धासाठी आली असणार. मागच्या दारानं निघतो, ती काही विचारायच्या आत.