बाबांनी पान उलटलं

प्रिय सुयश,

हे पत्र मराठीत आहे, म्हणजे तू ते स्वतः वाचणार नाहीस, ऋजुता तुला वाचून दाखवेल, हे धरूनच लिहायला बसलेय. मुद्दाम मराठीत. इंग्रजीत तू मला पाच मिनिटांत गुंडाळतोस. ‘लेट्स बी प्रॅक्टिकल, ताई’ म्हणतोस, आणि प्रॅक्टिकल म्हणजे तुझं म्हणणं, असं तुमच्या बँकेत पहिल्याच दिवशी शिकवत असावेत. मराठीत निदान तुला शेवटपर्यंत ऐकावं लागतं, कारण मधे तोंड घालायला तुला शब्द सापडेपर्यंत मी पुढच्या परिच्छेदात पोचलेली असते. ऋजुता, हेही वाच. गाळू नकोस.

तुझा ईमेल मिळाला. एडिनबराला तुमच्या घराजवळच्या केअर होममध्ये बाबांसाठी खोली मिळतेय, त्यांनी ती येत्या शुक्रवारपर्यंत धरून ठेवलीय, आणि माझा ‘हो’ आला की तू खोली पक्की करणार, आई-बाबांचं हाउन्सलोचं घर विकायला काढणार. सोबतचे फोटोही पाहिले. बागेत बसून हसणारी म्हातारी माणसं. सगळे दात शाबूत असलेली इतकी म्हातारी माणसं या जाहिरातवाल्यांना कुठे मिळतात, देव जाणे. पण थट्टा राहू दे. तू धावपळ केलीस, स्वतः जाऊन जागा बघितल्यास, ते मला दिसतं. आणि मी थकलेय, हेही आधीच सांगून टाकते, म्हणजे तुला ते माझ्याविरुद्ध शोधून काढायला नको. फेब्रुवारीत बाबा स्वयंपाकघरात पडले तेव्हापासून ते माझ्याकडे हॅरोला आहेत. बेडरूम त्यांची, सोफा माझा. पाठीने केव्हाच राजीनामा दिलाय. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून द्या म्हणून कौन्सिलला फोन केला की एक बाई मला ‘लव्ह’ म्हणते आणि संगीत लावून निघून जाते. रविवारी बाबांना हाउन्सलोला न्यावं लागतं. ते सगळ्या खोल्यांतून एकदा फिरतात, खिडकीतल्या आईच्या कढीपत्त्याला पाणी घालतात, आणि काही न बोलता कोट चढवून दारात उभे राहतात. तेव्हा तुझा ईमेल वाचल्यावर माझ्या मनात पहिला शब्द आला तो ‘हो’च. टाइपसुद्धा करून ठेवला होता.

तो का पाठवला नाही, हे सांगायला मला तुला अमेरिकेत न्यावं लागेल.

कॉलेजने या टर्मला माझ्या गळ्यात एक नवं मॉड्यूल बांधलंय. अमेरिकन कायदाव्यवस्थेची आणि तिथल्या कोर्टांची तोंडओळख. आमच्या मुलांना पुढच्या वर्षी तिकडे एक टर्म शिकायला पाठवणार आहेत म्हणून. मीच का, तर मी एकदा न्यू जर्सीला मावशीकडे राहून आले होते आणि ते स्टाफरूममध्ये बोलून बसले. मावशीकडे मी मॉल पाहिला आणि मंदिर पाहिलं. कोर्ट पाहिलं ते टीव्हीवर, आणि मुलांनीही तिथेच. त्यामुळे आमची पातळी सुरुवातीला अगदी सारखी होती. न्यायाधीश हातोडा आपटतो एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. इथल्या न्यायाधीशाकडे हातोडा नसतोच, हे मात्र इथे जन्म काढून एकालाही ठाऊक नव्हतं. तिकडे प्रत्येक राज्याची स्वतःची कोर्टं, आणि त्यांच्या शेजारीच केंद्राची वेगळी कोर्टं, कुठला खटला कुठे जातो, हे समजावताना मी घायकुतीला आले. शेवटी आपल्या मंडळांचं उदाहरण दिलं. अख्ख्या लंडनचा गणपती एक, उपनगरांचे आपापले वेगळे, आणि एकाच्या आरतीत दुसऱ्याने घंटा वाजवायची नाही. अर्ध्या वर्गाला लगेच कळलं. उरलेला अर्धा पोलिश आणि सोमाली; त्यांनी आपापली मंडळं आठवली आणि त्यांनाही कळलं.

एक गोष्ट मात्र कुणाच्याच घशाखाली उतरेना. इथे पोलीस अटक करताना बजावतात, की गप्प राहायचं तर राहा, पण आत्ता जे सांगितलं नाहीस ते पुढे कोर्टात सांगायला गेलास तर तुला नडू शकेल. अमेरिकेत तसं नाही. खटल्यात आरोपी साक्षीला उभाच राहिला नाही, तर न्यायाधीश ज्युरीला सांगतात, की त्याच्या गप्प बसण्यातून काही अर्थ काढायचा नाही. निधी म्हणून एक मुलगी आहे, वर्गातली सगळ्यात हुशार, म्हणून सगळ्यात जास्त डोकं खाणारी. ती म्हणाली, मिस, पण मनात तर येतंच ना? मी म्हटलं, येतं, पण ते बाजूला ठेवायचं. मनात आलेलं बाजूला ठेवणं जणू रोजचं असल्यासारखं मी ते म्हटलं, आणि पुढच्या स्लाइडवर गेले.

आता जरा आपल्या घरी ये. बाबांकडून परवानगी कशी मिळायची, आठवतं? ते खुर्चीत पेपर उघडून बसलेले, आपण समोर उभे. विचारायचं आणि थांबायचं. त्यांनी मान वर केली तर ‘नाही’. काही न बोलता पान उलटलं तर ‘हो’. हा कायदा कुणी केला, कधी केला, ठाऊक नाही, पण मी त्याच्यावर वकिलीचं शिक्षण मिळवलं आणि तू मित्रांबरोबर बार्सिलोनाची सहल. तू ऋजुताचं नाव सांगितलंस तेव्हाही पानच उलटलं होतं, आणि आई आत जाऊन शिऱ्यासाठी रवा भाजायला लागली. आई होती तोवर हे चाललं. तिला त्या पानांचा अर्थ कळतो असं आपण मानायचो, ती आपल्याला सांगायची, आणि बाबा पुढचं पान वाचायचे.

परवाच्या व्हिडिओ कॉललाही तेच झालं. तू स्लाइड्स लावल्यास. बाबांच्या पुढच्या आयुष्याच्या स्लाइड्स, सुयश, त्याही अॅनिमेशनसकट. ते माझ्या शेजारी पेपर घेऊन बसले होते. शेवटी तू विचारलंस, ‘सो बाबा, ऑल ओके?’ त्यांनी पान उलटलं. तू ‘ग्रेट’ म्हणालास. मीही मान हलवली, कारण मला सोफ्यावरून उठायचं होतं.

आणि मग मंगळवार आला. मंगळवारी बाबांची मदतनीस बाई येत नाही, म्हणून मी त्यांना कॉलेजात नेते. ते मागच्या बाकावर पेपर वाचतात. आयुष्यभर ऑपरेशन थिएटरमध्ये लोकांना झोपवण्याचं काम केलेल्या माणसाला माझ्या लेक्चरचं काय वाटणार? त्या दिवशी आमचा लुटुपुटीचा खटला होता. ठिकाण ओहायो, ते नकाशावर कुणालाच दाखवता येत नाही, त्यामुळे भांडण नाही. लायब्ररीतून लॅपटॉप चोरीला गेलाय. आरोपी अनिश, जो एरवी वर्गात श्वास घ्यायलाही थांबत नाही. त्याच्या कार्डावर ‘साक्ष देणार नाही’ असं छापलं होतं, आणि पोराने चक्क ते पाळलं. सरकारी साक्षीदाराने ‘माझ्या रूममेटने मला सांगितलं, की त्याने अनिशला पाहिलं’ असं सुरू केलं, तेव्हा मी त्याला थांबवलं. दुसऱ्याच्या तोंडचं चालणार नाही, ज्याने पाहिलं त्याने यावं. हा ऐकीव पुरावा, तो बाद. सगळं कसं पुस्तकातल्यासारखं चाललं होतं. फक्त ज्युरीतला बारावा मुलगा पोट बिघडल्यामुळे आला नव्हता, आणि त्याचं बिघडलेलं पोट कॅम्डेनमध्ये बर्गर खात असल्याचा फोटो वर्गाला दिसला होता. निधीने मागे वळून पाहिलं आणि विचारलं, अंकल बसतील का? बाबांनी पेपराची घडी घातली आणि येऊन बसले.

ज्युरीची चर्चा मी कोपऱ्यात बसून ऐकली. बोलायची मला परवानगी नव्हती. पुरावा असा काही नव्हताच, तो मीच कच्चा ठेवला होता. पण चर्चा पुराव्याची झालीच नाही. काही केलं नसेल तर बोलला का नाही? माझ्यावर असा आळ आला असता तर मी किंचाळले असते. बघ ना कसा बसलाय, खाली मान घालून. मी घसा कोरडा करून शिकवलेलं सगळं त्यांनी पाच मिनिटांत धुऊन टाकलं. ‘दोषी’ म्हणणाऱ्यांना हात वर करायला सांगितले तेव्हा अकरा वर गेले, बाबांचा गेला नाही. लंचची वेळ झालेली. निधीने फार अदबीने सांगितलं, की अंकल, तुमचंच तेवढं राहिलंय. बाबांनी चष्मा काढला. पेशंटशी बोलायचे त्या आवाजात, म्हणजे जवळ वाकून ऐकावा लागेल अशा आवाजात ते म्हणाले, “तो गप्प बसला, एवढंच मी पाहिलं. बाकीचं सगळं तुम्ही त्याच्या तोंडात घातलंत.”

कुणाचंही मत बदललं नाही. खोटं कशाला सांगू? अकरा मुलं भुकेली होती आणि म्हातारा हट्टी होता. इथे असतं तर न्यायाधीशांनी बराच वेळ वाट पाहून अकराविरुद्ध एकही चालवून घेतलं असतं. तुमच्या स्कॉटलंडात तर ज्युरीत पंधरा माणसं; तिथे एकाला कोण विचारतो? पण खटला ओहायोतला. तिथे बाराच्या बारा लागतात. निकाल लागलाच नाही. मुलं कुरकुरत कँटीनला गेली, जाताना अनिशने बाबांशी हात मिळवला, आणि बाबांनी पुन्हा पेपर उघडला.

ट्रेनमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. बाबा पेपर वाचत होते आणि माझं लक्ष त्यांच्या हाताकडे. त्यांनी पान उलटलं. मला काय झालं माहीत नाही, मी विचारलं, बाबा, त्या दिवशी सुयशने विचारलं तेव्हा तुम्ही पान उलटलंत ते का? त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. म्हणाले, “पान वाचून झालं होतं.”

मी म्हटलं, आणि ऋजुताच्या वेळी? त्यांनी पेपर मांडीवर ठेवला. मग म्हणाले, “तेव्हा तुझ्या आईने शिरा करायला घेतला होता. मग मी काय बोलणार?”

ऋजुता, रागावू नकोस, आता तुझ्या फोनशिवाय त्यांचं पान हलत नाही हे तुलाही माहीत आहे. पण सुयश, विचार कर. आपल्या घराचा सगळा कायदा, माझं करिअर, तुझं लग्न, हे कशावर उभं आहे, तर पान संपलं की माणूस ते उलटतो यावर. चूक कुणाची म्हणायची? ते बोलले नाहीत. आपण थांबलो नाही. आपल्याला घाई होती आणि आईला भाजलेला रवा करपू द्यायचा नव्हता. मला हसू आलं, आणि ते हॅरो आलं तरी थांबेना, तेव्हा समोरच्या बाईने मला टिश्यू दिला. इथली माणसं काही विचारत नाहीत, टिश्यू देतात.

एक गोष्ट तुला आठवणार नाही, तू लहान होतास. बाबांच्या हॉस्पिटलमध्ये मी कधीकधी शाळेनंतर जाऊन बसायचे. भूल देण्याआधी ते पेशंटला स्वतः विचारायचे, तुमचं आज काय करणार आहोत ते तुम्हीच मला सांगा. फॉर्मवर सही असायची, सर्जन हात धुऊन तयार असायचे, आणि हे उभे. तिथली सिस्टर माझ्यासमोर कुरकुरायची, की डॉक्टर दीनानाथ लिस्ट लांबवतात. पेशंट बोलेपर्यंत ते थांबायचे. घाबरलेली माणसं लगेच बोलत नाहीत, असं ते म्हणायचे. हाच माणूस घरी आला की पेपरामागे जायचा, आणि आपण त्याला एकदाही तसं थांबून विचारलं नाही.

म्हणून मी विचारलं. घरी आल्यावर चहा केला, टीव्ही बंद केला, त्यांच्या हातातला पेपर काढून घेतला आणि विचारलं, बाबा, तुम्हाला कुठे राहायचंय? आणि थांबले. सुयश, किती अवघड आहे ते! चार वेळा माझ्या जिभेवर उत्तर आलं, त्यांच्या वतीने, चांगलं, समंजस उत्तर. चहावर साय धरली. मग ते बोलले. आई गेल्यापासून इतकं बोलले नव्हते. माझ्याबद्दल बोलले, तुझ्याबद्दल बोलले, आणि ते सगळं मला सोयीचं होतं असं नाही.

ते काय म्हणाले, ते मी इथे लिहिणार नाही. माझ्या तोंडून आलेलं ते ऐकीव, आणि ऐकीव बाद, हे मी याच आठवड्यात मुलांना शिकवलंय. शिवाय मी लिहिलं, की तू त्यात माझी थकलेली पाठ शोधशील, आणि ती त्यात असेलही. म्हणून टाइप केलेला तो ‘हो’ मी पुसून टाकलाय. ‘नाही’ही लिहिलेलं नाही. त्या होमला फोन करून चार दिवस मागून घे, आणि शनिवारची ट्रेन धरून ये. लॅपटॉप आणू नकोस. ऋजुता आली तर फारच छान, पण शिरा मी करणार नाही, आणि तिलाही करू देणार नाही. बाबांसमोर बस, विचार, आणि थांब. मी टेबलावरचा पेपर मुद्दाम तसाच ठेवणार आहे, कारण हाताला काहीतरी लागतं त्यांच्या. त्यांनी पान उलटलं तरी उठू नकोस.

तुझीच, अजून निकाल न दिलेली,
ताई