अक्कांचं बोट

अक्का,

मागच्या हंगामात ऊसतोडीला निघताना मी माझ्या सृष्टीला तुमच्याजवळ ठेवलं आणि म्हणाले, "चौथी शिकलेल्या बाईनं काय वाचायला शिकवावं?" ते तुम्ही ऐकलंत.

काल सृष्टीनं सगळं सांगितलं. तुम्ही फरशीवर खडूनं घरातल्यांची नावं लिहायचात आणि वाचून दाखवायचात. भाऊजींच्या नावावर मात्र नुसतं बोट ठेवायचात. नवऱ्याचं नाव तुम्ही कधीच घेतलं नाहीत.

"मोठे बाबा," ती म्हणाली.

"तसं लिव्हल्यालं न्हाई. नीट बघ."

"तूच सांग की, मोठी आई."

"माझ्या तोंडानं न्हाई निघायचं."

तिसऱ्या दिवशी तिनं अक्षरं जुळवून 'गोपीचंद' वाचलं. कुणी न सांगता वाचलेला तिचा तो पहिला शब्द.

हे पत्र पाठवलं तर भाऊजीच आधी वाचतील, म्हणून पाठवत नाही.

यंदा तुम्ही दोघं उसाच्या फडात आहात आणि तुमचा बालाजी माझ्याजवळ. तो अडला की मी लगेच शब्द सांगून टाकायची. दहावी शिकले, पण गप्प बसणं मला येत नव्हतं. आज तो 'पाथरी' या गावाच्या नावावर अडला. मी पदर दातांत धरला. तो बराच वेळ बघत राहिला, आणि मग त्यानं वाचलं.

तुमची ऋणी,
प्रियंका