बत्तीस मात्रांचा सूर

प्रिय हर्षला,

जय ख्रिस्त. एवढं रीत म्हणून लिहिलं. मनात तुला दोन धपाटे घालायचे आहेत. ईस्टरच्या सकाळी खोपोलीच्या आपल्या चर्चमध्ये गाणं सुरू करायला सुनीलसरांनी हात वर केला आणि माझ्या शेजारची जागा रिकामी! तू आदल्या संध्याकाळीच मुंबईला गेलीस, हे मला तिथे, पांढरा झगा चढवताना सोनालीकडून कळलं. तिकडच्या मोठ्या क्वायरमध्ये तुझी निवड झाली, याचा मला हेवा नाही गं. स्टेशनवर मीच सोडायला आले असते. पण तू तोंडातून एक शब्द काढला नाहीस.

आणि दिवस कुठला निवडलास? गेल्या वर्षी तुझे वडील, आपल्या सगळ्यांचे दादा गेले, त्यांच्या आठवणीत सरांनी बांधलेलं नवं चार आवाजांचं गीत त्याच दिवशी पहिल्यांदा गायचं होतं. दादा पायपेटी वाजवायचे तेव्हा गीत संपून शेवटची म्हातारी बाकावर टेकेपर्यंत शेवटचा सूर सोडायचे नाहीत. धोंडीआजी तर मुद्दाम वेळ लावायच्या. म्हणूनच सरांनी शेवटी बाकीचे तिन्ही आवाज थांबवले आणि आपल्या दोघींच्या खालच्या आवाजाला, अल्टोला, तो एकच सूर दिला, बत्तीस मात्रा. एकीने श्वास घ्यायचा तेव्हा दुसरीने धरायचा. सहा महिने आपण तेच घोटलं. त्या सकाळी अठराव्या मात्रेला माझी छाती रिकामी झाली आणि सूर तुटला. तिसऱ्या बाकावर तुझी आई होती. तिने मान खाली घातली. माझी फजिती झाली ती झाली, पण ती मान मला विसरता येत नाही.

तुला ते गीत सोसत नव्हतं, हे मला कळत नव्हतं असं समजू नकोस. तालमीत तो सूर आला की तू वही तोंडासमोर धरायचीस. म्हणून काय पळून जायचं? दादा काय एकट्या तुझेच होते? मला सूर ओळखायला त्यांनीच शिकवलं.

काल तालमीत सर म्हणाले, "रोहिणी, दादांच्या वर्षदिनाच्या भक्तीत शेवटचा सूर आठ मात्रांवरच थांबवू या." माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, "काही तोडायचं नाही. हर्षला येतेय." धडधडीत खोटं बोलले, तेही वेदीसमोर उभी राहून. भक्ती येत्या रविवारी सकाळी दहाला चर्चमध्ये आहे. भांडायचं ते नंतर भांडू. रडू आलं तर श्वास तू घे, तोवर सूर मी धरते.

रागावलेली, तरी तुझीच
रोहिणी